पुसलेलं घर

सुवार्ता रणभिसे यांच्या घरी पाहुण्याला पाण्याआधी साबण मिळतो, अशी मिरजेत त्यांची ख्याती होती. दारातल्या बेसिनपाशी हात धुतल्याशिवाय आत पाऊल टाकायची कुणाची टाप नव्हती. चर्चचे पाळकसाहेब प्रार्थनेला आले, तरी आधी मुकाट्यानं बाह्या वर करायचे. उभी हयात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून काढलेली ही बाई निवृत्त झाली आणि तिनं घराचंच थिएटर करून टाकलं. रोज सकाळी हातात रबरी मोजे, एका हातात स्पिरिटची बाटली, दुसऱ्या हातात फडकं. दाराच्या कड्या, खुर्चीचे हात, दिव्याची बटणं, सगळं पुसून झाल्यावरच चहाचं आधण चढायचं.

शिफ्रा ही त्यांची एकुलती एक लेक. बायबलातल्या सुइणीचं हे नाव सुवार्ताबाईंनी मोठ्या हौसेनं ठेवलं होतं. लेकीनं मात्र नर्सिंगकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती नागपूरला भूजल खात्यात लागली, तिकडेच रमली आणि मिरजेला फक्त नाताळात येऊ लागली. मायलेकींचं भांडण होतं असं कुणी म्हणू शकलं नसतं. दोघी एकमेकींशी नीट बोलत, नीट जेवत, फक्त एकमेकींच्या जवळ बसत नसत.

या वर्षी मात्र शिफ्रा भर उन्हाळ्यात आली होती. सुवार्ताबाईंच्या गुडघ्यांनी कायमचा संप पुकारला होता, आणि त्यांनी स्वतःच कुणाला न विचारता 'कृष्णाकाठ' नावाच्या निवृत्तिगृहात खोली ठरवून टाकली होती. खोली छोटी. सामान एका कपाटात मावेल एवढंच आणायचं, हा तिथला नियम. आयुष्यभराचं घर एका कपाटात कसं बसवायचं, हा प्रश्न पूर्वी लोकांना रडवायचा. आता त्याला एक उत्तर निघालं होतं. त्याला सगळे 'मूठ' म्हणत.

नाव ऐकून जुन्या बायका आधी दचकायच्या, पण वस्तू साधी होती. तळहातात मावेल असा राखाडी, मऊसर गोळा. त्याच्या आतला पदार्थ विजेच्या बारीक लहरींनी हवा तिथं कडक, हवा तिथं सैल होई, गरम होई, गार होई. वस्तूचा आकार आधी एका यंत्रानं टिपून ठेवायचा; मग तिचं नाव घेतलं की मूठ हातातल्या हातात तो आकार घ्यायची. आजोबांच्या काठीची मूठ, पोळपाटाची कड, शिलाई मशीनचं चाक. डोळे मिटले तर फरक कळत नसे. निवृत्तिगृहात आलेली माणसं पहिले काही दिवस अन्न टाकतात, भिंतीकडे तोंड करून झोपतात. ओळखीची वस्तू हाताला लागली की ती लवकर स्थिरावतात, एवढ्यासाठीच ती बनवली होती.

खरी गंमत, किंवा खरं दुःख म्हणा, पुढं सुरू झालं. वस्तूचा आकार टिपणारं यंत्र फक्त आकार टिपत नव्हतं. आपण एखादी वस्तू हातात धरतो तेव्हा तिच्यावर घामातलं मीठ, कातडीचं तेल आणि झडलेल्या पेशी यांचा अतिशय पातळ थर सोडतो. पुसला तर तो जातो. न पुसला तर लाकडाच्या रंध्रांत मुरतो, हवेनं हळूहळू बदलत जातो, आणि त्या बदलावरून तो किती जुना आहे ते सांगता येतं. प्रत्येकाच्या कातडीवरचे जिवाणू वेगळे, प्रत्येकाचा दाब वेगळा. म्हणजे कुणी धरलं, कधी धरलं, किती घट्ट धरलं, सगळं त्या थरात असतं. यंत्र ते वाचायचं, आणि मूठ मग वस्तूचा नव्हे, तर ती वस्तू धरणाऱ्या हाताचा आकार घ्यायची. तसाच दाब, तेवढीच ऊब. गेलेल्या माणसाचा हात हातात येऊ लागला.

जग बदलायला एवढं पुरेसं होतं. आता घरात कुणी गेलं, की लोक आधी त्याचा चष्मा न् काठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळत आणि मग नातेवाइकांना फोन करत. बापाच्या खुर्चीवरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होऊ लागल्या. सासूचं लाटणं घासलं म्हणून एका सुनेला माहेरी धाडल्याची बातमी सांगलीच्या पेपरात आली होती. घाणीला एकाएकी भाव आला.

शिफ्राला आईच्या सामानाशी फारसं देणंघेणं नव्हतं. तिला पप्पांचा हात हवा होता.

शमुवेल रणभिसे मिरज जंक्शनच्या यार्डात फिटर होते. उजव्या हाताच्या तर्जनीचं एक पेर डब्यांच्या जोडणीत गेलं होतं. कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा शिफ्रा आठ-नऊ वर्षांची होती, आणि त्या लाटेत ते गेले. त्यांचा चेहरा तिला फोटोतून माहीत होता, आवाज तर ती विसरूनच गेली होती. आठवत होता तो हात. जाड, कोरडा, वंगणाचा वास येणारा, आणि एक बोट आखूड.

ते दिवस तिला तुकड्यातुकड्यांनी आठवत. मम्मी कोविड वॉर्डात ड्युटीला. घरी आली की बाहेरच्याच खोलीत राहायची. स्वयंपाकघराच्या दारात पप्पांनी जेवणाचं टेबल आडवं लावलं होतं, ती सरहद्द. पलीकडे मम्मी, अलीकडे ते दोघं. शिफ्रा टेबलाखाली घर-घर खेळायची. चादर लावलेली, आत बापलेक मांडी घालून बसलेले, आणि चादरीच्या फटीतून दिसणारे मम्मीचे पाय. "मम्मी, हात दे ना," ती म्हणायची. "आत्ता नको, ड्युटीवरून आलेय," पलीकडून उत्तर यायचं. ते 'आत्ता' पुढं कधी संपलंच नाही.

पप्पा गेले त्या दिवशी सुवार्ताबाईंनी सगळं घर औषधाच्या पाण्यानं धुऊन काढलं. कपडे जाळले, भांडी उकळली, हार्मोनियमच्या पट्ट्यासुद्धा पुसल्या. पंधरा वर्षांची असताना शिफ्रा एकदा रागाच्या भरात म्हणाली होती, "तूच आणलास तो आजार घरात." सुवार्ताबाई उठल्या आणि हात धुवायला गेल्या.

यंत्र घेऊन येणारा माणूस कृष्णाकाठचाच होता. तन्वीर शिकलगार, तिशीचा, बोलका. यंत्र दिसायला जुन्या काळच्या टॉर्चसारखं. आदल्या दिवशीच त्यानं शिफ्राला फोन करून बजावलं होतं, "ताई, कशालाच हात लावू नका. धूळ असू दे, जाळी असू देत. हाय तसं ठेवा."

शिफ्रा सकाळच्या गाडीनं उतरून घरी आली आणि दारातच थांबली. घर आरशासारखं लखलखत होतं. स्पिरिटच्या वासानं डोळे चुरचुरत होते.

"मम्मी, काय केलंस हे?"

"अगं, परक्या लोकांच्या हातात जायच्या वस्तू," सुवार्ताबाई मोजे काढत म्हणाल्या. "घाण द्यायच्या? लोक काय म्हणतील, सिस्टर म्हणे! परवापासून पुसतेय. हात धुतलेस का तू?"

तन्वीर आला, हात धुतले, आणि कामाला लागला. हार्मोनियमवरून यंत्र फिरवलं. काही नाही. शमुवेलरावांचा हातोडा, पेटी, अंगठ्यानं झिजलेलं बायबल. काही नाही. लग्नात आलेली, नावं घातलेली पितळी भांडी तर विचारायलाच नको. त्यानं यंत्र हातावर आपटून बघितलं, पुन्हा चालू केलं, दाराच्या कडीवर धरलं. मग तो जरा चाचरत म्हणाला, "आज्जी, तुम्ही हितंच राहत होता नव्हं?"

"म्हणजे काय? पन्नास वर्षं होत आली."

"न्हाई, घरात कुणाचाच हात लागत नाही ओ. तुमचा पण नाही."

मोजे घालून पुसणारी बाई. नवऱ्याला पुसता पुसता तिनं स्वतःलाही पुसून टाकलं होतं. शिफ्राला त्या क्षणी त्याचं काही वाटलं नाही. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून निघून गेलं.

"दोनदा पुसलंस तू पप्पांना. एकदा गेले तेव्हा, आणि एकदा आता. माझ्यासाठी एवढंसुद्धा ठेवलं नाहीस."

सुवार्ताबाई जेवणाच्या टेबलापाशी खुर्चीत बसल्या. त्यांचा डावा हात नकळत टेबलाखाली गेला. ही त्यांची जुनी खोड. जेवतानासुद्धा उजव्या हातानं घास आणि डावा हात टेबलाखाली. लहानपणी शिफ्राला वाटायचं, जेवणाची हीच रीत असते. शाळेत डबा खाताना तीही डावा हात बाकाखाली धरून बसायची आणि मैत्रिणी हसायच्या.

"तन्वीर," सुवार्ताबाई शांतपणे म्हणाल्या, "बाकी सगळं कुणाला द्यायचं त्याला द्या. हे टेबल मात्र माझ्याबरोबर येणार."

"आज्जी, टेबल कुठं बसतंय! खोलीत पलंग हाय, कपाट हाय. चालायला वाट तर नको का?"

"मी पलंगावर नाही झोपले तरी चालेल."

तन्वीरनं शिफ्राकडे पाहिलं. शिफ्रानं खांदे उडवले. टेबल काही खास नव्हतं. सागवानी, चार पायांचं, वरून रोज स्पिरिट पिऊन पांढुरकं पडलेलं. तन्वीरला समजूत घालायची सवय होती. तो म्हणाला, "एक काम करू. ह्याचा आकार मुठीत घेऊ. म्हणजे टेबल तुमच्या हातातच की." आणि यंत्र बाजूला ठेवून त्यानं टेबल कलतं केलं.

"उलटं करू नका!"

सुवार्ताबाई इतक्या जोरानं ओरडल्या, की तन्वीरचे हात थबकले. पण टेबल तोवर कुशीवर आलं होतं. खालचं लाकूड काळपट, पॉलिश न केलेलं. कडेला एक आडवी पट्टी होती. त्या घरात न पुसलेली तेवढीच जागा असावी; कोपऱ्यात कोळ्याचं जुनं जाळंसुद्धा होतं. शिफ्रा बघतच राहिली. हिच्या घरात, आणि कोळी!

तन्वीरनं यंत्र पट्टीजवळ नेलं मात्र, ते गुणगुणू लागलं. पडद्यावर रंग उमटले. आधी एक डाग, मग तळवा, मग बोटं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "हात हाय. मोठा माणूस हाय. पट्टीला खालून तळवा लावलेला. अंगठा, आणि ही तर्जनी बघा. अर्धीच उमटलीया. पुढचं पेर नाही."

शिफ्रा तिथंच फरशीवर बसली. एकदम तिला सगळं आठवलं. टेबलाखालून उठताना तिचं डोकं पट्टीवर आपटायचं, म्हणून पप्पा हात वर करून पट्टीवर तळवा धरून ठेवायचे. मग तिचं डोकं लाकडावर नाही, त्यांच्या हातावर आपटायचं. ती मुद्दाम पुन्हा पुन्हा आपटायची आणि ते "आई गं!" करून ओरडायचे.

तन्वीरनं मूठ तिच्या हातात दिली. गोळा हलला, पसरला, कोमट झाला. तिच्या तळव्यात एक तळवा आला. कोरडा, स्थिर, आणि एक बोट आखूड. शिफ्रानं तो दोन्ही हातांनी धरला, कपाळाला लावला आणि ढसाढसा रडली. चव्वेचाळीस वर्षांची सरकारी अधिकारी बाई, परक्या माणसासमोर, लहान पोरीसारखी रडली. सुवार्ताबाई खुर्चीतून तिच्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. भीती होती.

तन्वीर पडद्यावरची पुढची माहिती वाचत होता. त्याची बोटं थांबली. त्यानं पुन्हा वाचलं. काही माणसांना गप्प बसणं जमत नाही, आणि त्याच्या कामात गप्प बसून चालतही नव्हतं.

"ताई, जरा ऐका. हे पुरुषमाणसाचं दिसत नाही."

"काय?"

"बाईमाणूस हाय. आणि डावा हात. पस्तीस वर्षांचे थर, एकाच माणसाचे, रोज दोन-तीनदा. शेवटचा…" तो अडखळला. "शेवटचा आत्ता थोड्या वेळापूर्वीचा हाय."

दोघांनी सुवार्ताबाईंकडे पाहिलं. त्यांचा डावा हात मांडीवर होता. पाचही बोटं सरळ, धडधाकट.

"बोट दुमडते मी," त्या म्हणाल्या. एखाद्या चोरी पकडल्या गेलेल्या मुलीसारखा त्यांचा आवाज झाला होता. "त्याचा हात जिथं असायचा तिथंच ठेवायचा, म्हणून. त्याचं बोट जिथं संपायचं, त्याच्या पुढं जायचं नाही, म्हणून."

"मम्मी…"

"वॉर्डात शेवटी मीच होते त्याच्याजवळ. हात धरला होता. पण मोजे घालून, एकावर एक दोन. त्याच्या आधीचं वर्षभर तर हात लावलाच नव्हता. घर धुतलं त्या दिवशी ही एवढीच जागा ठेवली. फडकं घेऊन टेबलाखाली वाकले आणि नाही पुसवलं गं. चूक होती ती. इन्फेक्शन राहिलं असतं, तुला झालं असतं. सगळं माहीत असून ठेवली."

शिफ्रानं तन्वीरकडे वळून विचारलं, "मग त्याच्या खाली? खालचा थर पप्पांचा असेलच ना?"

तन्वीरनं यंत्र पुन्हा पुन्हा फिरवलं. मग मान हलवली. "खाली कुणीतरी हाय. मोठा हात हाय, एवढंच कळतंय. रेषा नाहीत, दाब नाही. असं हाय ताई, अंगाचं तेल तेलात मिसळतं. वरनं दुसरा हात रोज लागला की खालचा विरघळून जातो. आज्जींनी नुसतं तसंच ठेवलं असतं, तर…"

मग सुवार्ताबाई म्हणाल्या, "पुसू नये, एवढं कळत होतं मला. हात लावू नये, हे नव्हतं माहीत."

शिफ्राला रागवायचं होतं. राग तयारच होता, जन्मभराचा. पण तो कुठं ठेवावा हेच तिला कळेना. पुसलं म्हणून रागवावं, तर इथं पुसलंच नव्हतं. तिच्या हातातली मूठ अजून कोमट होती. आपण कुणाचा हात कपाळाला लावून रडलो, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं ती खाली ठेवली नाही.

"हे बाजूला काय हाय?" तन्वीर अचानक म्हणाला. मोठ्या हाताशेजारी वीतभर अंतरावर यंत्र पुन्हा गुणगुणलं होतं. पडद्यावर एक छोटा हात उमटला. स्पष्ट, रेषा न् रेषा मोजून घ्यावी असा. पट्टीला घट्ट धरून बसलेली चार चिमुकली बोटं.

"तो तिचा आहे," सुवार्ताबाई चटकन म्हणाल्या. "तिथं मी कधीच हात लावला नाही."

"का?" शिफ्रानं विचारलं.

सुवार्ताबाईंनी तन्वीरला टेबल सरळ करायला खुणावलं.

टेबल शेवटी कृष्णाकाठला गेलं नाही. तन्वीरनं व्यवस्थापकांपाशी रदबदली करून बघितली, पण एका टेबलाला हो म्हटलं तर उद्या कुणी झोपाळा घेऊन येईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. जुन्या बाजारातला माणूस ते टेम्पोत घालून घेऊन गेला. जाताना त्यानं कोळ्याचं जाळं हातानंच झाडून टाकलं. सुवार्ताबाईंनी ते गॅलरीतून पाहिलं आणि आत वळल्या.

नवी खोली स्वच्छ होती, म्हणजे इतरांच्या मानानं. सुवार्ताबाईंनी आल्या आल्या कपाटाचे कप्पे पुसून काढले. मग त्यात चार साड्या, बायबल, फोटो आणि स्पिरिटची बाटली मांडली. खिडकीतून नदीचं उन्हाळी, बारीक झालेलं पात्र दिसत होतं. बाकीचं घर मुठीत होतं. खरं तर मुठीत दोनच गोष्टी होत्या. तन्वीरनं विचारलं होतं, भांडी, हार्मोनियम, काय काय घेऊ. त्यावर मायलेकी दोघीही एकदमच नको म्हणाल्या होत्या.

पलंगावर बसून सुवार्ताबाईंनी मूठ हातात घेतली. "शिफ्राचा," त्या म्हणाल्या. गोळा लहान झाला. त्यांच्या सुरकुतलेल्या तळव्यात एक इवलासा हात आला आणि त्यानं त्यांची बोटं घट्ट धरली. त्यांनी डोळे मिटले. ओठ किंचित हलले. प्रार्थना असावी, नाहीतर नाव. शिफ्रा दारात बॅग घेऊन उभी होती. आईचा चेहरा असा सैल झालेला तिनं कधी पाहिला नव्हता. तिला बरं वाटलं, आणि त्याच वेळी त्या मुठीतल्या मुलीचा हेवाही वाटला.

तिनं बॅग खाली ठेवली. पलंगाशी गेली. आईच्या शेजारी बसली, अगदी जवळ.

"निघते मी, मम्मी. गाडीची वेळ झाली." तिनं आपला हात पुढं केला. मोठा, शाई लागलेला, धावपळीचा घाम असलेला. "हात दे ना."

सुवार्ताबाईंनी डोळे उघडले. त्या हाताकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले, त्यांनी मूठ उशीवर ठेवली, हात अर्ध्यापर्यंत पुढं आणला, आणि तो तिथंच थांबला.

"थांब हं," त्या धडपडत उठत म्हणाल्या. "आत्ता आले. हात धुऊन येते."

गुडघे सांभाळत, भिंतीला धरत त्या न्हाणीघरात गेल्या. नळ सुरू झाला. शिफ्रा बसून राहिली. साबणाचा वास आला, नंतर स्पिरिटचा. आईचं हात धुणं कसं असतं ते तिला ठाऊक होतं. कोपरापर्यंत, नखांच्या कडेकडेनं, थिएटरमध्ये जायच्या आधी धुतात तसं. तिनं उशीवरची मूठ उचलली.

"मम्मीचा," ती हळूच म्हणाली.

गोळा पसरला, कोमट झाला. एक बोट दुमडलेला तो हात तिच्या हातात आला. तिनं त्याच्या बोटांत आपली बोटं गुंतवली आणि गाडीची वेळ टळून जाईपर्यंत ती तशीच बसली. आत नळ चालूच होता.